अठ्ठावीस युगं आणि आईचे टाळ

आषाढी एकादशीला पहाटे पाचला गोव्यातल्या माशेलहून दिंडीबरोबर निघालो. पंढरपूर मला अजून घडलेलं नाही. चालत साखळीच्या विठ्ठलापूरला जायचं, ही आईची वारी. ती माघात गेली, म्हणून यंदा मी.

पहिल्या तासात दहादा घड्याळ पाहिलं. आमोण्याच्या पुलावर पावसाने गाठलं. खाली मांडवी तांबडी झालेली, खाणींच्या डोंगरांवरचं पाणी ते. आपल्या लोहखनिजाचे थर दोनशे कोटी वर्षांहून जुने. ब्रह्मदेवाचा एक दिवस हजार चतुर्युगांचा, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा. त्या हिशेबात हा दगड साधारण अर्ध्या दिवसापूर्वीचा! पुढे टाळांचा ठेका पायांत बसला आणि नावेली कधी आली ते कळलंच नाही.

तिथे एका ओसरीवर केळी खाताना वीणेकरी काकांनी भागवतातल्या ककुद्मी राजाची गोष्ट सांगितली. मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चाललं होतं, म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसले. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. राजाने मनात धरलेल्या स्थळांचे नातू-पणतूही उरले नव्हते.

"आता अठ्ठाविसावं चाललंय," काका म्हणाले. "संकल्पात भटजी म्हणतात ना, अष्टाविंशतितमे युगे? आणि आरतीत आपण काय म्हणतो?"

युगे अठ्ठावीस. लहानपणापासून म्हणत आलो, पण तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दोन्ही अठ्ठावीस एकच, असं काका मानतात. मलाही ते पटलं.

शेवटच्या महिन्यांत आई फोन करायची. मी म्हणायचो, "थांब गो आई, कामात आहे." "थांबते रे," म्हणायची. अंथरुणावरची तिची ती दहा मिनिटं केवढी लांब असतील! पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवलं, कारण तो आईबापांच्या सेवेत होता. मी आईलाच थांबवलं. चालताना हे सारखं टोचत राहिलं.

विठ्ठलापुरात वाळवंटी नदी दुथडी भरली होती. दोन तास रांगेत काढले, गाभाऱ्यासमोर जेमतेम दोन श्वास मिळाले. आईचे टाळ पिशवीत होते. देवापुढे ते एकदा तरी वाजवायचे होते, पण मागून "चला माऊली, पुढे चला" झालं. मंडपात भजन चाललं होतं. काकांनी सरकून जागा केली. मी बसलो आणि पिशवीची गाठ सोडली.