पळसाखाली पडलेला राघू

मार्च महिना. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, धुऱ्यावरचे पळस फुललेले. अशाच एका पळसाखाली काकूला राघू पडलेला दिसला. जखम कुठंच नाही, पंख शाबूत, डोळे टक्क उघडे. पण पाय मागे पसरलेले, आणि पंजाला काडी लावली तरी नखं मिटत नव्हती.

"उन्हानं झालं बापा, पाणी पाज त्याले," काकू म्हणाली. मी पाजलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या लोरिकीट पोपटांबद्दल वाचलं होतं, म्हणून हात आवरला. न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग आणि क्वीन्सलँडचा आग्नेय भाग, तिथं उन्हाळ्याच्या दिवसांत हे पोपट लुळे पडतात. उडता येत नाही, गिळता येत नाही. कुठल्यातरी झाडातलं विष असावं असा संशोधकांना संशय आला, आणि त्यांनी लोकांनाच साद घातली: पोपट काय खाताना दिसतात त्याचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. गिळता न येणाऱ्या पाखराच्या चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनळीत उतरतं.

वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन केला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून राघूला अंधारात ठेवलं. पोपटांचा एक ताप माणसालाही होतो, म्हणून हाताला प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडाला दुपट्टा. वनरक्षक दादा येईपर्यंत तो गेला होता.

खरी धावपळ त्यानंतर. शवविच्छेदनासाठी मेलेलं पाखरू थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. गोठलं की पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली नीट काही दिसत नाही. रसवंतीवरून बर्फ आणला, थर्माकोलच्या डब्यात भरला, पाखरू दुहेरी पिशवीत. पण एका कार्यालयात सहीपायी डबा अर्धा दिवस पडून राहिला. बर्फाचं पाणी झालं. कागदावर उत्तर आलं, नमुना तपासणीयोग्य नाही. तो कागद वाचून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

गावात सगळे म्हणाले, फवारणीनं मेला. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, त्यामुळं ही शंका आधी येणारच. पण कोणाच्या वावरात, कोणतं औषध, कोणत्या तारखेला? तेव्हाचं कोणालाच सांगता येईना. म्हणून नोंदींची वही घातली.

शाळेतली पाच पोरं जोडीला आली. पळसाखाली बसून आम्ही पाहिलं: राघू फूल तोडतो, देठाकडचा भाग चावतो, उरलेलं टाकून देतो. खाली केशरी सडा, आणि प्रत्येक फुलाचं बूड कुरतडलेलं. फोटो आम्हीही आयनॅचरलिस्टवर टाकू लागलो: पोपटाचा वेगळा, झाडाचा वेगळा. सुरुवातीचे फोटो धूसर होते, कोणाला ओळख पटवता आली नाही. मग पोरं दम धरून जवळ जायला शिकली. मेलेलं पाखरू असेल तर 'मृत' ही खूण करायची. ढोलीची नेमकी जागा मात्र आम्ही नोंदीत दाखवत नाही, कारण पिल्लं चोरणारे फिरतात. आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तरी पिल्लं विकली जातात.

पळस सरला, मोहाची फुलं आली, जूनमध्ये लिंबोळ्या पिकल्या. आजारी म्हणून वहीत अजून तो एकच राघू आहे, बाकी सगळे धडधाकट. मला दोन्ही नोंदी सारख्याच लागतात: धडधाकट थवा कुठं काय खातो हे ठाऊक नसेल, तर आजाऱ्याचं वेगळं काय होतं ते कळणार कसं?

आता काकूचाच फोन येतो. "आज निंबावर हायेत, वीसेक असतील. लिंबोळ्या खाऊन राह्यले." मी तारीख टाकतो आणि विचारतो, त्या बाजूला आज कोणी फवारलं का?