टॉईज, जुने, अंदाजे 300 नग

फाईलवर एवढंच लिहिलं होतं. फेब्रुवारीतली गोष्ट, त्या आठवड्यात न्यू जर्सीत अशी थंडी पडली होती की एका दिवसात माझ्याकडे फुटलेल्या पाईपचे चार क्लेम आले, त्यातला हा तिसरा. मी घरांच्या विम्याची क्लेम ॲडजस्टर आहे, म्हणजे नुकसान झालं की त्या घरी जायचं, काय काय गेलं त्याची यादी करायची आणि प्रत्येक वस्तूला किंमत लावायची. अकरा वर्षं हेच करतेय. बेसमेंट, पाणी, जुनी खेळणी, म्हटलं तासाभरात आटपेल.

खाली उतरले तर छतातला पाईप रात्रीत कधीतरी गोठून फुटलेला, घोट्याएवढं पाणी, आणि साफसफाईवाल्यांची माणसं आधीच येऊन मोठ्या व्हॅक्यूमने पाणी ओढत होती. घरमालक साठीचे गृहस्थ, एकटेच राहतात, अंगात स्वेटर, पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि दोन्ही हातांनी भिंतीवरून एकेक ओलं कार्ड उतरवून टेबलावर ठेवत होते. भिंतभर हुक होते आणि हुकांवर पुठ्ठ्याच्या कार्डात बंद ॲक्शन फिगर्स, म्हणजे मालिकेतल्या पात्रांचे छोटे बाहुले. सगळ्या स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकेच्या.

मला त्यातल्या स्पॉकचे टोकदार कान लगेच ओळखू आले. सांगलीत लहान असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर ते लागायचं, आम्ही शेजारच्या काकूंकडे जाऊन बघायचो, इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही पण ते कान आणि तो एका जागेवरून नाहीसं होऊन दुसरीकडे उगवण्याचा प्रकार डोक्यात पक्का बसला होता. हे मी त्यांना सांगितलं तर ते इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघायला लागले. म्हणाले मग तुम्हाला समजावून सांगता येईल.

आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष व्हॅक्यूमकडे गेलं आणि ते ओरडले, थांबा.

झालं असं होतं की खालचे दोन प्लास्टिकचे डबे पाण्याच्या जोराने आडवे झाले होते आणि त्यातल्या सुट्या फिगर्सच्या बारीक वस्तू पाण्यात पसरल्या होत्या. कॅप्टन कर्कच्या कमरेची फेझर गन, कम्युनिकेटर, उहुराचा खांद्याला अडकवायचा ट्रायकॉर्डर म्हणजे तपासणीचं यंत्र, निळ्या प्लास्टिकचे सगळे, नखाएवढे म्हटलं तरी चालेल. व्हॅक्यूमने ते पाण्याबरोबर ओढून टाकीत घेतले होते. ज्यांनी हा नाद केलाय त्यांना ठाऊक आहे की बाहुला मिळतो पण त्याची बंदूक मिळत नाही, मुलांनी खेळून पहिल्या आठवड्यातच हरवलेली असते, त्यामुळे सगळ्या वस्तूंसकट असलेली फिगर आणि नुसती फिगर यांच्या किमतीत फार मोठा फरक पडतो. मी मशीन बंद करायला लावलं. ते माझं काम नव्हतं खरं तर, पण नुकसान वाढू न देणं हेही आमच्या कामातच येतं असं मी मानते. मग त्यांच्या स्वयंपाकघरातली मोठी चाळणी आणि चहाची गाळणी आणली आणि आम्ही दोघं आणि तो साफसफाईचा मुलगा बादली बादली पाणी गाळत बसलो. पाऊण तास. एकवीस वस्तू सापडल्या. एक सापडली नाही, नंतरच्या मालिकेतल्या जॉर्डी लाफोर्जच्या, प्लेमेट्स कंपनीने 1992 मध्ये काढलेल्या फिगरचा डोळ्यावरचा व्हायझर. पहिल्या जॉर्डीचा व्हायझर निघायचा, आणि निघायचा म्हणूनच हरवायचा.

मग यादीला बसलो. ते बोलत गेले, मी लॅपटॉपवर लिहीत गेले, आणि मला तिथे कळायला लागलं की माझ्या फाईलवरचं ते 'टॉईज' किती अपुरं आहे. मूळ मालिका 1966 ते 1969 चालली आणि बंद झाली, फिगर्स आल्या 1974 मध्ये, म्हणजे संपल्यावर पाच वर्षांनी, कारण तोवर शाळा सुटल्यावर रोज दुपारी पुनर्प्रक्षेपण बघणारी मुलांची एक अख्खी पिढी तयार झाली होती आणि हे गृहस्थ त्यातलेच एक, तेव्हा नऊ वर्षांचे. मेगो कंपनीच्या आठ इंची फिगर्स, अंगात खरे कापडी कपडे, सांध्यांना आतून इलॅस्टिक. कर्क, स्पॉक, मॅकॉय, स्कॉटी, उहुरा, क्लिंगॉन हे पहिले सहा. नंतर आणखी परग्रहवासी आले. त्यातला गॉर्न त्यांनी मला हातात दिला आणि विचारलं काय चुकलंय सांगा. मला काय कळणार. मालिकेत गॉर्न हिरवा आहे, मेगोने तपकिरी केला आणि त्याला क्लिंगॉनचेच कपडे चढवले. शेवटी आले रोम्युलन, अँडोरियन वगैरे, 1976 चे, कमी निघालेले, म्हणून आज सगळ्यात महाग.

आणि इथे ती गोष्ट झाली जी मी अजून विसरले नाहीये. रोम्युलनची ओळ लिहिताना मी टाईप केलं, हेल्मेटसह, पूर्ण. ते म्हणाले नाही, हेल्मेट रेप्रो आहे. म्हणजे नंतर कोणीतरी बनवलेली नक्कल. मी त्यांच्याकडे बघितलं. मला स्वतःला तो फरक जन्मात कळला नसता आणि आमच्या ऑफिसात कोणालाही कळला नसता. मग त्यांनी टेबलावरच्या सगळ्या सुट्या वस्तू ओळीने लावल्या आणि एकेक बोट ठेवून सांगत गेले, हा खरा, हा खरा, हा रेप्रो, या कर्कचा पट्टा रेप्रो, या स्कॉटीचं डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं. मानेमागचा कॉपीराईटचा बारीक ठसा कसा वाचायचा ते दाखवलं. प्रत्येक वाक्याला त्यांचाच क्लेम कमी होत होता आणि ते थांबत नव्हते. माझ्या कामात लोक 32 इंची टीव्ही 55 इंची करून सांगतात, त्यांना मी दोष देत नाही, घर बुडालेलं असतं, माणूस घाबरलेला असतो. पण हे गृहस्थ घाबरले नव्हते असं नाही, हात थरथरत होते, फक्त चुकीची नोंद त्यांना सहनच होत नव्हती. मी विचारलं तुम्ही हे का सांगताय, तर म्हणाले खोटं हेल्मेट खरं म्हणून एकदा कागदावर गेलं की ते पुढे खरंच होऊन बसतं.

प्लेमेट्सचा डबा सगळ्यात शेवटी उघडला. या 1992 पासूनच्या, साधारण पाच इंची, लाखोंनी निघाल्या त्यामुळे बहुतेक स्वस्त, पण प्रत्येकीच्या तळपायावर नंबर छापलेला असतो. 1996 मध्ये कंपनीने काही फिगर्स मुद्दाम प्रत्येकी फक्त 1701 नग काढल्या, मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचा नंबर 1701 म्हणून तेवढ्याच, त्यात ताशा यार होती. वर्षानुवर्षं एकूण एक फिगर जमवत आलेल्या लोकांचे संच त्या एका निर्णयाने कायमचे अपुरे राहिले, लोक फार चिडले होते म्हणे. यांच्याकडे ताशा होती, आणि तिचं कार्ड पाण्याने अक्षरशः लगदा झालं होतं, वरचा प्लास्टिकचा बबल सुटून बाजूला पडलेला. मी पाय उलटा करून टॉर्च मारला. नंबर शाबूत. मी त्याचे चार फोटो काढले.

पुठ्ठ्याच्या कार्डांचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं. ओल्या कागदावर 24 ते 48 तासांत बुरशी धरायला लागते, आणि तीनशे कार्डं एका दिवसात नीट वाळवणं कोणालाच शक्य नाही. मी सांगितलं मध्ये बटर पेपर घाला, पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये टाका, मग निवांत थोडी थोडी काढून वाळवा. पुरात भिजलेली पुस्तकं वाचवायला लायब्ररीवाले हेच करतात. गॅरेजमध्ये त्यांचा मोठा फ्रीझर होता, त्यातले मटार आणि ब्रेड बाहेर आले आणि क्लिंगॉन आत गेले.

खरी लढाई ऑफिसात झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टॉईज हा प्रकार निवडला की नवीन किंमत घ्यायची आणि त्यावर वर्षांप्रमाणे घसारा, त्या हिशोबाने एका फिगरचे 2 डॉलर 40 सेंट आले. जुनं म्हणजे झिजलेलं, एवढंच त्याला कळतं. बरं, 'नवीन घेऊन देऊ' हे पॉलिसीतलं कलम संग्राहकांच्या वस्तूंना लागूच होत नाही, कारण तशी वस्तू नवीन मिळतच नाही, तिथे त्या दिवशीची प्रत्यक्ष किंमत धरायची. वरून उत्तर आलं की टॉईजचाच घसारा लावा. मला राग आला, खरंच आला. पण न्यू जर्सीत 1978 पासून कायदा स्पष्ट आहे, इथल्या सुप्रीम कोर्टाने एल्बेरॉन बेदिंग कंपनीच्या आगीच्या केसमध्ये सांगितलंय की प्रत्यक्ष किंमत ठरवताना नुसता घसारा पुरत नाही, बाजारभावासकट त्या किमतीवर प्रकाश टाकणारा सगळा पुरावा बघायचा. मी तो निकाल जोडला आणि प्रत्येक महत्त्वाच्या ओळीसमोर खरोखर झालेल्या विक्रीचे भाव लावले, लोक नुसते मागत असलेले नव्हेत. दोन संध्याकाळी घरी बसून केलं. आणि ते रेप्रोचे शेरे मी तसेच ठेवले होते, कारण मला खात्री होती की तेच बघून बाकीच्या यादीवर विश्वास बसेल. तसंच झालं, दोन आठवड्यांनी मंजुरी आली, आणि भिजलेला माल कंपनीने न उचलता त्यांच्याकडेच राहू द्यावा हेही लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये त्यांचा मेल आला. मला वाटलं काहीतरी राहिलं असेल. फोटो होता, जॉर्डी लाफोर्ज, डोळ्यावर व्हायझर. पाणी उपसायच्या पंपाच्या जाळीत अडकलेला सापडला होता. खाली लिहिलं होतं की ओळ 212 मध्ये व्हायझर हरवल्याचे पैसे धरले आहेत, ते परत कसे करायचे ते कळवा.

बंद झालेली फाईल उघडायची म्हणजे तीन फॉर्म आणि वरची सही. मी उघडली. ओळ 212, सहा डॉलर वजा.