तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कचरा हातातच का देते

आमच्या मजल्यावर सगळे रात्रीच कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवून झोपतात आणि मी मात्र सकाळी साडेसातला दारात उभी, त्यामुळे शेजारच्या काकू, माझी जाऊ, राहायला आलेले पाहुणे, सगळे एकच विचारतात, अगं एवढं काय त्यात, ठेव की बाहेर.

चार वर्षांपूर्वी घाईत चहाचा ग्लास फुटला, तुकडे गोळा करून सरळ सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि ऑफिसला पळाले. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, त्यावर रक्त सुकून काळं पडलेलं. काच कुणाच्या घरातली ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "असू द्या ताई, रोजचंच आहे." ते 'रोजचंच' फार लागलं मला.

मग मी काच पेपरात गुंडाळून वर मार्करने ठळक 'काच' लिहायला लागले आणि वाटलं, झालं आपलं काम. महिनाभराने मावशी सहज म्हणाल्या, "ते काय लिहिता ओ वर? मला कुठं वाचता येतंय." म्हणजे त्यांना विचारायचंच राहिलं होतं! "मग काय करू?" तर म्हणाल्या, "हातात द्या अन् सांगा, बास."

आमच्या पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. दरमहा घरटी ठरलेले पैसे मिळतात, शिवाय सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येतं ते त्यांचंच. म्हणजे पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढायला पिशवीत हात घालावाच लागतो, नाही घातला तर कमाई बुडाली. हे समजल्यापासून मी दुधाची पिशवी विसळून खिडकीच्या ग्रिलला वाळत घालते, आंबलेल्या पिशव्या कुणी का चिवडाव्यात? पॅड पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढते, तो वाचावा लागत नाही, लांबूनच कळतो. माझ्या घरातून गेलेली वस्तू कुणाच्या तरी हातात पडते आणि तो हात कुणाचा ते मला माहीत असावं, मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं.

याच्यापायी रविवारीसुद्धा उशिरापर्यंत झोपणं जमत नाही, नवऱ्याशी त्यावरून वादही झालेत, शेवटी आम्ही वार वाटून घेतले. मंगळवार आणि शनिवार त्याचे. परवा त्याने पेपरात गुंडाळलेला बल्ब दिला आणि नुसतंच "जपून हं" म्हणाला, तर मावशी तिथेच थांबल्या, "फुटकाय का नुसता गेलाय, ते सांगा की दादा."