वाचणाऱ्याने वाचावं

फुकट ऐकायला मिळणारी पुस्तकं शोधायला बसलं की आधी सापडतं ते नको असलेलं. दासबोध म्हणावा तर मागे बासरी, आवाजाला नको तेवढा घुमारा, आणि ऐन समासाच्या मध्यात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. आमच्या आत्याला हे खपत नाही. पोथीतली अक्षरं दिसेनाशी झाल्यापासून ती ऐकते, पण तिची अट पक्की आहे: "वाचणाऱ्याने वाचावं, सजवू नये."

तिच्यासाठी शोधता शोधता मी स्वतः लिब्रिव्हॉक्सच्या नादी लागले. मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायरने २००५ मध्ये सुरू केलेला हा उद्योग. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं हौशी माणसं घरी बसून वाचतात आणि ते ध्वनिमुद्रणही सगळ्यांना खुलं करून टाकतात. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. धार्मिक ग्रंथांचा कप्पा तिथे भरगच्च, कारण जुनं ते बहुतेक हक्कमुक्त: बन्यनचं १६७८ मधलं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', एडविन अर्नोल्डने १८८५ मध्ये इंग्रजी पद्यात आणलेली गीता, संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स'. कित्येकदा एकाच पुस्तकाची प्रकरणं निरनिराळे लोक वाचतात. एखादी बाई सुरेख वाचते, पुढच्या प्रकरणाला कुणी आजोबा येतात ते खाकरतच. पुष्कळांचा यावर राग आहे. मला मात्र ते घरचं वाटतं. पारायणात एक थकला की दुसरा पुढचा अध्याय उचलतोच ना?

उंधियूसाठी पापडी सोलता सोलता ऑगस्टीन ऐकत होते. त्यात बिशप अँब्रोजची हकिकत येते. हा गृहस्थ वाचताना नुसते डोळे फिरवतो, जीभ हलत नाही, आवाज नाही, याची ऑगस्टीनला नोंद घ्यावीशी वाटली! चौथ्या शतकातली गोष्ट. मनातल्या मनात वाचणं म्हणजे तेव्हा असं दखल घेण्याजोगं. आपल्याकडे तर ग्रंथच कानासाठी रचलेले. दासबोधाची सुरुवातच "श्रोते पुसती कोण ग्रंथ" अशी होते. समोर ऐकणारे बसलेत हे समर्थांनी पहिल्याच ओळीत धरून ठेवलंय. दोनशे समास, एका बैठकीला एक, कानाला सोसेल असं माप. तेव्हा 'ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे' असं नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

फुकट आणि खुलं यांत मात्र फरक आहे, आणि तो कळला की निम्मं काम होतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या जानेवारीपासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. पण ध्वनिमुद्रणाला स्वतःचा वेगळा हक्क असतो. ज्ञानेश्वरी कुणाचीच नाही, तिच्यावर परवा झालेलं प्रवचन मात्र कुणाचं तरी आहे. कुणाची सीडी उचलून यूट्यूबवर चढवली म्हणून ती खुली होत नाही. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे देव फुकट, बुवा नाही."

बडोद्यात राहून फुकट वाचनाला नावं ठेवणं तसंही शोभत नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या.

लिब्रिव्हॉक्सवर मराठीचा कप्पा मात्र फारच लहान. वाचायला कुणीही चालतं, आवाजाची परीक्षा नाही. मिनिटभराचा नमुना पाठवायचा, तोही मुद्रण स्वच्छ येतंय का एवढंच बघायला. आमच्या दांडिया बाजारात खणखणीत वाचणाऱ्या चार बायका तरी मला ठाऊक आहेत. विषय काढला तर सगळ्या तयार झाल्या. फक्त मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवायचा म्हटल्यावर एकमताने ठरलं, दिवाळीनंतर बघू.