तुम्ही विचारलंत म्हणून: शहराने वीज स्वतः चालवावी का?

“मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?” फोनवर विचारतात, जिन्यात गाठून विचारतात, सभा संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. शहराने खासगी कंपनीकडून तारा, खांब, उपकेंद्रं विकत घ्यावीत आणि वीजवितरण स्वतः करावं का, या अभ्यासात मी अभियंता म्हणून काम केलं. तेव्हापासून अहवालातलं एखादं वाक्य उचलून अर्धे लोक मला कंपनीची माणूस ठरवतात आणि उरलेले पालिकेची. आता एकदा सविस्तरच लिहिते.

शहराला वीज चालवता येते. मुंबईत १९४७ साली बेस्ट महापालिकेकडे आली. केरळात त्रिशूर महापालिकेचं स्वतःचं वीज खातं आहे. अमेरिकेत अशा सार्वजनिक वीजसंस्था सुमारे २,००० आहेत. तिथल्या दर सात ग्राहकांतला एक त्यांचा. फ्लोरिडातल्या विंटर पार्कच्या लोकांनी सतत जाणाऱ्या विजेला कंटाळून मतदान घेतलं, २००५ साली यंत्रणा ताब्यात घेतली आणि तारा जमिनीखाली घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे “यांना साधे रस्ते जमत नाहीत, वीज काय चालवणार?” हे ऐकलं की माझं डोकं उठतं. खांबावर चढणारा लाइनमन बहुतेक तोच राहणार असतो.

पण “कंपनी गेली की बिल अर्ध्यावर” हेही मला पटत नाही. बिलाचा मोठा भाग वीजखरेदीचा असतो आणि ती वीज शहरालाही बाजारातूनच घ्यावी लागते. मालकी बदलून वाचतो तो भागधारकांचा नफा आणि व्याजातला फरक. ती बचत खरी आहे, पण यंत्रणा घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ताही तिच्यातूनच जातो. हप्ता किती, हे किमतीवर ठरतं. कंपनी म्हणते, हे सगळं आज नव्याने उभारायला काय लागेल ते धरा. शहर म्हणतं, मूळ खर्चातून घसारा वजा करा. मग कोर्ट. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या मतदारांनी १९२३ मध्ये कौल दिला आणि वीज हातात आली १९४६ च्या शेवटी. कोलोरॅडोतल्या बोल्डरने २०११ मध्ये कौल घेतला, दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि २०२० मध्ये त्याच कंपनीशी पुन्हा करार केला.

सार्वजनिक म्हणजे सुरक्षित, असंही नाही. पोर्टो रिकोची सरकारी वीजसंस्था २०१७ मध्ये सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी मारिया वादळात अख्खं बेट अंधारात गेलं. २०२१ मध्ये तिथलं वितरण खासगी कंपनीकडे सोपवलं. वीज जायची थांबली नाही.

लोकांना वाटतं, या हिशेबामुळे मी कचरले. तसं नाही. हिशेब जुळवता येतो. मला अडवलं ते हद्दीने.

अहवालासाठी यंत्रणा कुठे तोडायची ते ठरवायचं होतं. नकाशावर हद्द म्हणजे एक रेघ. पण अकरा केव्हीचा फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज पोचवणारी मुख्य लाइन, शहरातल्या उपकेंद्रातून निघतो, वस्त्यांमधून जातो, नाला ओलांडून हद्दीबाहेर पडतो आणि पुढे दुसऱ्या उपकेंद्राच्या फीडरला भेटतो. त्या भेटीच्या जागी एक स्विच असतो, एरवी उघडा, म्हणजे दोन्ही लाइनी वेगळ्या. एका बाजूला बिघाड झाला की तो लावून दुसऱ्या बाजूने वीज देतात. आम्ही नाल्यापलीकडच्या पहिल्या खांबापाशी उभे होतो. त्या लाइनवर वर्षानुवर्षं काम केलेला लाइनमन खांबाला हात लावून म्हणाला, “मॅडम, इथे तोडलं तर मागून सप्लाय देता येणार नाही. त्यांनाही नाही, आपल्यालाही नाही.”

आम्ही काही दुरुस्तीला आलोय असं समजून वस्तीतल्या एक बाई जवळ आल्या. त्यांचे वडील घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. कशासाठी आलोय ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग रात्री लाइट गेली तर फोन कुणाला करायचा?” मी म्हटलं, तुमच्यासाठी कंपनीच राहील. “कंपनीचं ऑफिस शहरात, गाडी शहरात, माणसं शहरात. ते सगळं तुम्ही घेणार. मग आमच्या चार घरांसाठी कंपनी वेगळी गाडी ठेवेल का?” लाइनमन हातातल्या पान्याशी चाळा करत राहिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. नवी लाइन टाकून तुटलेली जोडणी भरून काढायचा खर्चही सांगितला. एक नगरसेवक शांतपणे म्हणाले, “ते आपले मतदार नाहीत.” त्यात दुष्टावा नव्हता. खरं तेच ते बोलत होते, आणि म्हणूनच मला ते अजून बोचतं.

आधीची मी त्या नगरसेवकांच्या बाजूने बोलले असते. हद्द कुठेतरी आखावीच लागते, शेजाऱ्यांसाठी शहराने जन्मभर कंपनीला बांधून घ्यायचं का, असं म्हणाले असते. आजही त्या युक्तिवादाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण दाट वस्तीत एक किलोमीटर तारेवर शेकडो घरं असतात आणि नाल्यापलीकडे मोजकी. एकच दर सगळ्यांना लागू असतो तोवर शहर त्या लांब तारांचा भार थोडा उचलत असतं. शहर बाहेर पडलं की तो भार मागे राहिलेल्यांवर पडतो. बोल्डरमध्येही हद्दीबाहेरच्या ग्राहकांचा प्रश्न नियामकांपुढे रेंगाळला होता.

मार्ग आहे. सॅक्रामेंटोची संस्था नगरपालिकेचं खातं नाही. ती शहराबाहेरचाही मोठा भाग सांभाळते आणि तिचं संचालक मंडळ लोक मत देऊन निवडतात. असं असतं तर त्या बाई ‘आपल्या मतदार’ असत्या. मी तेच सुचवलं, आजही तेच सुचवते. त्या अटीवर मी शहराच्या बाजूने आहे. ती अट नसेल तर नाही. कुणाला हे कुंपणावर बसणं वाटत असेल तर वाटू दे.

फक्त, मोठी संस्था म्हणजे मोठं मतदान, मोठी किंमत, लांबलेलं कोर्ट. आणि जी यंत्रणा आपल्या हातून जाणार हे दिसतंय, तिच्यातले गंजलेले खांब कंपनी तोवर मनापासून बदलेल का? नाल्यापलीकडचे खांब सगळ्यात जुने आहेत.