तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जितंमया’

यंदाही मंडळाच्या पोरांनी विचारलंच. कबड्डीची ढाल आणलीय, फलकावर ‘जितंमया’ लिहू का, की ती शिवी आहे? २७ वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून अमळनेरात हा प्रश्न फिरून माझ्याच दारात येतो.

शिवी नाही हो. जितं मया, म्हणजे माझ्याकडून जिंकलं गेलं. ‘मया’ ही तृतीया. जुन्या मराठीतलं ‘म्यां’ तिच्याच पोटचं. काय जिंकलं, ते मात्र या दोन शब्दांत कुठेच नाही. मराठीत ते एकत्र चिकटले आणि चव बदलली. चार मतांनी निवडून आला अन् जितंमया करत गावभर हिंडला, असं आपण म्हणतो. बोल जिंकणाऱ्याचा, पण वापरतो बघणारा, नाक मुरडून. स्वतःच्या तोंडाने सहसा कोणी म्हणत नाही.

मी म्हटलं होतं.

काकांशी बांधाचा दावा नऊ वर्षं चालला. जागा किती, तर दीड हात. त्यात कपाशीची एक ओळही धड बसत नाही. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा मी ३१ वर्षांचा. पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत शिरलो. काका ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांच्यासमोर थांबून मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “जितं मया!” त्यांना कळलं नाही. मग मी अर्थ सांगितला, अगदी वर्गात सांगतात तसा, विभक्तीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “काय भेटनं रे भो तुले?” आणि हात पुढे करून पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

आमच्या खानदेशात कानबाई या देवीच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजतात. त्या श्रावणात गहू मोजताना काकांच्या घरच्या पुरुषांची नावं निघाली नाहीत. रोट वेगळे झाले ते आजतागायत.

दावा खरा होता, हे मी आजही सांगेन. बांध त्यांनीच कोरला होता. आणि एका शब्दाने भाऊबंदकी तुटते थोडीच? नऊ वर्षांच्या तारखांनी ती आधीच कुजली होती. असं मी स्वतःला सांगतो. पण तारखांना काका माझ्याच सायकलवर डबलसीट यायचे, हेही खरं.

पोरांना म्हणालो, लिहा. रंगारी उद्या दुपारी येणार आहे. सकाळी मी नकोही म्हणेन.