गळती सोडून बाकी सगळं

तेलाच्या पाईपलाईनमधून तेल गळतंय हे कंट्रोल रूमला कसं कळतं, हा माझा धंदा. लीक डिटेक्शन म्हणतात. सॉफ्टवेअर बसवायचं, ट्यून करायचं, खोटे अलार्म कमी करायचे आणि खरा अलार्म आला तर तो ऑपरेटरला खरा वाटेल हे बघायचं. या कामात माणसांशी संबंध फार येत नाही, स्क्रीनशी येतो. त्यामुळे २०१७ च्या मे महिन्यात साहेबांनी सांगितलं की नेब्रास्कात यॉर्क नावाच्या गावी एक जनसुनावणी आहे, तिथे जाऊन दिवसभर बसायचं आणि लोक तांत्रिक मुद्दे कुठले काढतात ते लिहून आणायचं, तेव्हा मला खरंच वाटलं की दुसऱ्या कोणाच्या ऐवजी माझं नाव पडलंय.

विषय होता कीस्टोन एक्सएल. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, कॅनडात अल्बर्टामधल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत ३६ इंची पाईप, रोज ८ लाख ३० हजार बॅरल तेल. ओबामांनी नोव्हेंबर २०१५ मधे नाकारली, ट्रम्पनी मार्च २०१७ मधे परवानगी दिली, पण नेब्रास्कातून ती नेमकी कुठून न्यायची हे त्या राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या हातात होतं. पाच सदस्य, तेही लोकांनी निवडून दिलेले. ३ मे ची सुनावणी त्यांच्यापुढची. आमची फर्म सल्लागारांची, कोणाची सल्लागार ते जाऊ दे.

जायच्या आधी फाईल वाचली तेव्हा एका कलमावर अडकलो. नेब्रास्काने २०११ मधे पाईपलाईनचा रूट ठरवण्यासाठी कायदा केला, त्यात स्पष्ट लिहिलंय की कमिशनने अर्जाचा विचार करताना सुरक्षिततेचा, म्हणजे गळतीच्या धोक्याचा आणि परिणामांचा विचार करायचा नाही. मी दोनदा वाचलं. कारण तसं कायदेशीर आहे, पाईपलाईनची सुरक्षितता हा केंद्राचा विषय, तिथे राज्याने हात घालायचा नाही. समजलं. पण म्हणजे मी, गळतीवाला माणूस, अशा सुनावणीला चाललो होतो जिथे गळती सोडून बाकी सगळं मोजलं जाणार होतं.

हॉल भरलेला. एका बाजूला नारिंगी शर्टातले बांधकाम मजुरांच्या युनियनचे लोक, दुसरीकडे शेतकरी, रँचवाले, आदिवासी जमातींची माणसं, पर्यावरणवाले, आणि मधे कुठेतरी माझ्यासारखे वही घेऊन बसलेले. प्रत्येकाला ठराविक मिनिटं, नाव पुकारलं की माईकपाशी जायचं, बोलायचं, बसायचं. कमिशन ऐकणार, उत्तर देणार नाही. टीव्हीवर आंदोलन म्हणून जे दिसतं, बॅनर, घोषणा, पोलिस, तसलं काही नव्हतं. बरेचसे आंदोलक साठीच्या पुढचे होते आणि त्यांच्या हातात फाईली होत्या, माझ्या फाईलीपेक्षा जाड.

आणि बोलले कशावर? गळतीवरच. कमिशनला त्याचा विचार करता येणार नाही हे बहुतेकांना माहीत होतं, काहींनी तर तसं सांगूनच सुरुवात केली, की तुम्हाला हे मोजता येत नाही पण ऐकता तर येतं ना. तिकडे जमिनीखाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, आठ राज्यांखाली पसरलेला, आणि काही भागात पाणी इतकं वर आहे की थोडं खणलं की लागतं. त्याच पाण्यावर मका, त्याच पाण्यावर गुरं. हवामानबदलावरही बोलले लोक, पण माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा पाणी हाच शब्द आला, आणि त्याच्या खालोखाल सक्तीचं भूसंपादन. खाजगी कंपनीने कोर्टात जाऊन माझ्या शेतातून वाट काढावी हे कुठलं स्वातंत्र्य, असं म्हणणारी ही माणसं काही डावी वगैरे अजिबात नव्हती, उलट बरेच जण पक्के रिपब्लिकन असावेत असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं. पोंका जमातीच्या माणसांचा मुद्दा वेगळाच, त्यांच्या पूर्वजांना १८७७ मधे याच मुलखातून हाकलून दक्षिणेला चालवत नेलं होतं, आणि नियोजित रूट त्या वाटेला छेद देऊन जात होता. त्यावर लिहायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

युनियनवाल्यांचं मात्र मला मनापासून पटलं, हे सांगायलाच हवं कारण या वादात त्यांना नेहमी कंपनीचे भाडोत्री म्हणून झटकून टाकतात. विरोधक सारखे एक आकडा फेकत होते, परराष्ट्र खात्याच्या अहवालातला, की लाईन सुरू झाल्यावर कायमच्या नोकऱ्या फक्त ३५. त्यावर युनियनचा एक वेल्डर म्हणाला, माझी प्रत्येक नोकरी तात्पुरतीच असते, पूल झाला की संपली, पॉवर प्लँट झाला की संपली, अशाच नोकऱ्यांवर मी घर बांधलं आणि पोरं शिकवली, मग त्या खोट्या का? दुसऱ्याने लाक-मेगांटिक काढलं. २०१३ मधे क्विबेकमधे तेलाने भरलेली ट्रेन गावात घुसून पेटली, ४७ माणसं गेली. तेल तर निघणारच, मग ते गावागावातून रुळावरून न्यायचं का, असा त्याचा सवाल. यावर समोरून कोणाकडे धड उत्तर नव्हतं. तेल निघूच नये हे उत्तर असू शकतं, पण मग तसं सरळ म्हणायला पाहिजे.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या रांगेत एका बाईंनी माझ्या गळ्यातलं कार्ड बघितलं. रँचवाल्या, सत्तरीच्या आसपास, हात अगदी कामाचे. त्यांनी विचारलं तुम्ही नक्की काय करता, मी सांगितलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. मला एवढंच सांगा, ती फुटेल का हे मी विचारत नाही, माझ्या गुरांच्या कुरणाखाली ती बारीक गळायला लागली तर पहिल्यांदा कोणाला कळेल?"

हा प्रश्न दिवसभरात माईकवरून कोणीही विचारला नव्हता. ती फुटणारच असं एक बाजू म्हणत होती, आजवरची सगळ्यात सुरक्षित लाईन असं दुसरी. आणि आमच्या धंद्यात खरा प्रश्न बाईंनी विचारला तोच आहे.

आमचं सॉफ्टवेअर मुळात हिशोब करतं. या टोकाला किती घातलं, त्या टोकाला किती आलं, पाईपमधे किती दाबून बसलंय, तापमानाने किती फुगलं-आकसलं. हिशोब जुळला नाही की अलार्म. पण मीटरला स्वतःची चूक असते, पंप चालू-बंद झाला की शेकडो मैल प्रेशर हेलकावत राहतं, तेलाची प्रत बदलते. या सगळ्या गोंगाटाच्या खाली जी गळती असेल ती लगेच दिसत नाही. कीस्टोन एक्सएलच्या पर्यावरण अहवालात हे छापलेलंच होतं, गुपित काही नाही, मॉडेलवर चालणारी यंत्रणा प्रवाहाच्या साधारण दीड ते दोन टक्क्यांपर्यंतची गळती पकडते. मी बाईंना तेच सांगितलं.

त्यांनी कॉफीचा कप टेबलावर ठेवला. "आठ लाख तीस हजाराचा दीड टक्का." दोन सेकंद. "बारा हजार बॅरल. दिवसाला?"

हो. बारा हजार चारशे पन्नास. लिटरमधे वीस लाखाच्या घरात.

मी लगेच पुढचंही सांगितलं, कारण नुसता हा आकडा सांगणं म्हणजे अर्धसत्य आहे. त्याखालची गळती कायम लपून राहते असं नाही, रोजचा जमाखर्च साठवत गेलं की फरक वर येतो, काही तासांनी, बारीक असेल तर काही दिवसांनी. शिवाय पाईपच्या आतून यंत्र सोडून भिंत तपासतात, शिवाय लाईनवरून पाहणी असते, नियमाने वर्षातून किमान २६ वेळा, बहुतेक विमानातून. त्या म्हणाल्या, "म्हणजे महिन्याला दोनदा. मी त्या कुरणात दिवसातून दोनदा जाते."

वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मधे, साऊथ डकोटात फ्रीमन गावाजवळ जुन्या कीस्टोन लाईनला, म्हणजे त्याच कंपनीच्या आधीपासून चालू असलेल्या लाईनला, वेल्डपाशी गळती लागली होती, सुमारे ४०० बॅरल, आणि ती कंट्रोल रूमला नाही तर तिथल्या एका जमीनमालकाला आधी दिसली. आमच्या क्षेत्रात तर मार्शल हे नाव घेतलं की सगळे गप्प होतात. जुलै २०१० मधे मिशिगनमधे मार्शलजवळ एनब्रिज या कॅनडाच्या पाईपलाईन कंपनीची लाईन ६बी फुटली. तेल पसरलं कलमाझू नदीत, कंट्रोल रूम कॅनडात एडमंटनला. अलार्म वाजले, नाही असं नाही. ऑपरेटरना वाटलं की पाईपमधे तेलाचा स्तंभ तुटून मधे पोकळी झालीय, तसं कधीकधी होतंही, तेव्हा अजून पंप करा म्हणजे भरेल. दहा मिनिटात उलगडा झाला नाही तर लाईन बंद करायची असा नियम होता त्यांच्याकडे, तरी फुटलेली लाईन दोनदा चालू केली. एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, तपासात निघालं की एकूण सांडलेल्या तेलातलं ८१ टक्के त्या दोन वेळांत गेलं. सतरा तासांहून जास्त वेळ गेला, आणि शेवटी फोन केला तो स्थानिक गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने. आणि मुख्य म्हणजे लोकांचे ९११ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन आदल्या रात्रीच साडेनऊपासून सुरू झाले होते, वास येतोय म्हणून. अग्निशामक दलाची माणसं आली, घरगुती गॅसची गळती शोधली, सापडली नाही, गेली. तो फोन आणि एडमंटनचा अलार्म यांची गाठ कोणी घालूनच दिलेली नव्हती.

मी बाईंना विचारलं, तुम्हाला कंपनीचा इमर्जन्सी नंबर माहीत आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, कंपनीच्या वकिलाचा माहीत आहे.

सुनावणी पुढे बराच वेळ चालली, पण माझं लक्ष त्या वाक्यावरच होतं. या कंपन्यांच्या कागदांवर जमीनमालक म्हणजे एक अडथळा, विरोधात बोलला की आंदोलक, आणि आंदोलक म्हणजे रिस्क, त्याला कसं हाताळायचं याचं वेगळं बजेट असतं. आणि आमच्या कागदांवर, म्हणजे लीक डिटेक्शनच्या, तोच माणूस "बाहेरून आलेली माहिती" या नावाने एक सेन्सर आहे, तोही असा की दीड टक्क्याच्या खाली त्याच्याइतका चांगला सेन्सर आम्ही विकतसुद्धा नाही. दोन्ही कागद एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. ज्याला तुम्ही कोर्टात खेचलंय तो पहाटे तेलाचा वास आल्यावर फोन करेल हे नक्की, स्वतःच्या पाण्यासाठी करेलच, पण करणार ९११ ला. आणि तिथे बसलेल्याला त्या शेताखालून कोणाची लाईन जाते ते माहीत पाहिजे.

परत येऊन रिपोर्ट दिला. लोकांचे मुद्दे तक्त्यात भरले आणि खाली तीन सूचना टाकल्या: लाईनच्या प्रत्येक काउंटीतल्या ९११ केंद्राला नकाशा आणि कंट्रोल रूमचा थेट नंबर द्या, बाहेरून वास किंवा तेलाचा फोन आला की कॉम्प्युटर काही म्हणो लाईन थांबवायचा अधिकार ड्युटीवरच्या ऑपरेटरला द्या, आणि जमीनमालकांशी बोलायला वकील पाठवू नका. आमच्याच साहेबांनी तिसरी कापली. त्यांचं म्हणणं, ही तांत्रिक नाही. मी म्हटलं सगळ्यात तांत्रिक तीच आहे, पण कापली.

नोव्हेंबरात मजा झाली, मजा म्हणजे तसली. १६ नोव्हेंबरला, गुरुवारी, साऊथ डकोटात अ‍ॅमहर्स्टजवळ जुनी कीस्टोन फुटली. आधी ५००० बॅरल म्हणाले, नंतर तो आकडा ९७०० वर गेला. प्रेशर पडलेलं कंट्रोल रूमने ओळखलं आणि लाईन मिनिटांत बंद केली, म्हणजे मोठी गळती यंत्रणेने पकडली, ते काम तिने चोख केलं. तपासात निघालं की २००८ मधे बांधताना पाईपवरून लोखंडी पट्ट्यांचं वाहन गेलं असावं, त्याचा ओरखडा नऊ वर्षं वाढत वाढत चीर झाला. आणि चार दिवसांनी, सोमवारी, नेब्रास्काच्या कमिशनने ३ विरुद्ध २ मतांनी कीस्टोन एक्सएलच्या एका पर्यायी रूटला मंजुरी दिली. गळतीचा विचार करायचा नव्हता, केला नाही. लोक चिडले, मला कमिशनचा राग आला नाही, कायदाच तसा.

पुढचं माहीतच असेल, जानेवारी २०२१ मधे बायडन यांनी परवाना रद्द केला आणि जूनमधे कंपनीने प्रकल्प सोडला. विरोधक जिंकले म्हणतात, युनियनवाले अजून कडू बोलतात. पण जुनी कीस्टोन चालूच आहे, डिसेंबर २०२२ मधे कॅन्ससमधे ती पुन्हा फुटली आणि जवळपास १३,००० बॅरल तेल सांडलं, एका ओढ्यात गेलं. त्यावेळीही लाईन काही मिनिटांत बंद झाली होती. त्या दिवशी माझ्या फोनवर एकच बातमी दोन बाजूंनी आली, एकाने पाठवली बघ सिस्टिम चालते म्हणून, दुसऱ्याने बघ आम्ही सांगत होतो म्हणून.

माझ्या सूचनांपैकी ९११ वाली पुढे एका वेगळ्याच लाईनच्या प्रकल्पात मंजूर झाली. मीटिंगमधे त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, कारण खर्च नकाशे छापण्याएवढाच होता. ऑपरेटरला अधिकार द्यायच्या सूचनेवर मात्र अजून कायदा विभागाचं मत यायचंय.